टाकलेल्या रात्री

३ ऑक्टोबर

ही वही कामाची नाही. कामाच्या वहीत स्वतःविषयी काही लिहायचं नाही हा नियम मीच केला आणि वीस वर्षं पाळला. पण आज साहेबांच्या खोलीतून बाहेर पडले आणि कुठेतरी लिहिल्याशिवाय कामाला बसता येईना. भांडारातून एक कोरी वही उचलून आणली. रजिस्टरमध्ये सही केली नाही. चोरीच म्हणायची.

साहेब म्हणाले, "बारा डिसेंबरला समिती बसते आहे. टेकडीवरच्या दुर्बिणी चालू ठेवायच्या की बंद करायच्या, ते त्या दिवशी ठरेल. तुमच्याकडे दाखवायला काय आहे?"

मी म्हटलं, "शेजारीण आहे."

ते हसले. शेजारीण म्हणजे आमची दीर्घिका. सव्वा कोटी प्रकाशवर्षं दूर, म्हणजे आमच्या धंद्यात अगदी भिंतीला भिंत लागून. तिच्या पोटात तारे भराभर जन्मतात, भराभर फुटतात, आणि त्या धुमाळीतून प्रचंड ऊर्जेचे गॅमा किरण निघत असणार असं गणित सांगतं. तो किरण जमिनीपर्यंत पोचत नाही. वर हवेतच फुटतो आणि निळसर प्रकाशाची एक ठिणगी पडते, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती. टेकडीवरचे चार मोठे आरसे त्या ठिणग्या टिपतात. अडचण एवढीच, की हजारांत एखादी ठिणगी गॅमा किरणाची असते आणि बाकीचा सगळा कचरा. म्हणून आम्ही शेजारणीच्या जागेवरच्या ठिणग्या मोजतो, मग बाजूच्या तेवढ्याच रिकाम्या आकाशातल्या मोजतो आणि वजा करतो. जे उरतं ते तिचं. ते खरोखर तिचं की नुसत्या नशिबानं उरलेलं, हे सांगणारा एक आकडा असतो. पाचाच्या वर गेला तर 'सापडली' म्हणायचं. खाली राहिला तर तोंड मिटून घरी जायचं.

सात वर्षांच्या रात्री साठल्या आहेत आणि मी अजून आकडा पाहिलेला नाही. आधी नियम, मग आकडा. कुठल्या रात्री घ्यायच्या, कुठल्या टाकायच्या, ते आधी ठरवायचं. एकदा आकडा पाहिला की नियमांना हात लावायचा नाही. तो कागद माझ्याच अक्षरात माझ्या भिंतीवर चिकटवलेला आहे. लोक मागून मला नियमबाई म्हणतात. म्हणू देत.

टेकडी बंद झाली तर दादाला खाली यावं लागेल. बत्तीस वर्षं तो तिथे दुर्बिणी चालवतोय. त्याचं तो बघेल.

५ ऑक्टोबर, रविवार

अप्पा सकाळपासून फोनपाशी बसले होते. टेकडीवर मोबाइल लागत नाही. दादाला पाचव्या वळणापर्यंत खाली उतरावं लागतं, तेव्हा कुठे रेंज येते. तरी दर रविवारी अकराला त्याचा फोन येतो. अप्पा त्याला पायांचं दुखणं सांगतात, तो त्यांना हवामान सांगतो. मग अप्पा माझ्याकडे फोन धरतात आणि मी मानेनं नाही म्हणते. तीन वर्षं हेच चाललंय. अप्पांचा हात तेवढा आता जास्त वेळ वर राहतो.

कुणी वाचणार नाहीये, तर लिहूनच टाकते. आई गेली ती सतरा फेब्रुवारीच्या रात्री. मी दवाखान्यात होते. दोनला दहा कमी असताना टेकडीवरच्या ऑफिसच्या फोनवर दादाला सांगितलं, आईचं काही खरं नाही, ये. तो म्हणाला, "बघतो." बघतो! दोन एकवीसला मी त्याच्या मोबाइलवर फोन केला. लगेच उचलला. आई गेली म्हणून सांगितलं. तिकडून एक शब्द नाही. चाळीस सेकंदांचा फोन. मी आणखी काय बोलले ते आठवत नाही, पण तो गप्प होता हे पक्कं आठवतं. सकाळी नऊला उगवला, डोळे लाल, अंगात टेकडीवरचं जाड जाकीट. रात्रभर शेजारीण पाहत होता. त्या वर्षातलं सगळ्यात स्वच्छ आकाश होतं म्हणे.

मी नातेवाइकांना तेच सांगितलं. आई गेली तेव्हा हा दुर्बिणीपाशी बसून होता. खोटं काय त्यात?

९ ऑक्टोबर

नियम ठरले, सही झाली, आणि आज चार वाजता आकडा पाहिला.

४.४.

शेजारीण आहे. मला ठाऊक आहे ती आहे. दारामागे कुणीतरी उभं असावं आणि त्याच्या श्वासाचा आवाज यावा, तसं. पण ४.४.

आमच्याकडे प्रत्येक आकडा दोघांनी वेगवेगळा काढायचा असतो. दुसरा माणूस म्हणजे पलीकडच्या खोलीतला शंकासुर. हे नाव मीच ठेवलं. चहा समोर आला तरी आधी वास घेतो. त्याचा आकडा ४.३ आला. "जुळतंय की," म्हणाला, आणि चक्क आनंदात होता. अशा माणसाला काय म्हणावं.

१४ ऑक्टोबर

दुसऱ्या वर्षातल्या तीन रात्री पुन्हा पाहिल्या. हवेत धूळ होती. धुळीत ठिणग्या मंद दिसतात हे कोण नाकारेल? आधीच टाकायला हव्या होत्या. नियम करताना माझ्या नजरेतून सुटल्या. टाकल्या. ४.६.

हे नियमाला हात लावणं नव्हे. ही चूक दुरुस्त करणं आहे. कामाच्या वहीत तसं स्पष्ट लिहिलंय.

२१ ऑक्टोबर

आरसे धुण्याआधीचा आठवडा टाकला. आरसे मळलेले होते. ४.८.

शंकासुरानं दारात उभं राहून विचारलं, "धुतल्यानंतरचा आठवडा ठेवलास ना?"

"ठेवला. का?"

"तो चांगला होता म्हणून ठेवलास की धुतलेला होता म्हणून?"

मी म्हटलं, "तुला काही काम नाही का रे?" तो हसला आणि गेला. माणूस जळतो. सात वर्षं माझ्या बरोबरीनं राबला, पण शोधनिबंधावर पहिलं नाव माझं लागणार, हे त्याला पचत नाहीये.

२२ ऑक्टोबर

झोप नाही. अप्पांची औषधं आणायला विसरले. अप्पांनी उरलेल्या अर्ध्या गोळीवर भागवलं, हे जास्त लागलं.

२९ ऑक्टोबर

साहेब रोज विचारतात, "शेजारीण काय म्हणते?" आज म्हणाले, "तुमच्यावर बावीस माणसांची चूल आहे, एवढं लक्षात ठेवा." जसं काही मी विसरलेय. वर स्वयंपाकी आहे, आरसे पुसणारे आहेत, आणि फौजदार आहे. फौजदार म्हणजे दादाच्या जोडीला रात्रपाळी करणारा. हे नाव मात्र दादानं ठेवलेलं. कॅमेरे उघडे असताना टेकडीवर कुणी काडी जरी पेटवली, तर हा बाहेर येऊन असा ओरडतो की पेटवणारा काडीच गिळेल. त्या कॅमेऱ्यांना उजेड सोसत नाही. गाडीचे दिवे पडले तर कॅमेरे जळूही शकतात. त्यामुळे काळोखात त्या रस्त्यावर गाडी न्यायचीच नाही, हा तिथला सगळ्यात मोठा नियम.

एक चंद्र-उगवतीची रात्र टाकली. ४.९.

४ नोव्हेंबर

५.१.

थांब. नीट लिहिते.

सकाळपासून एकेका रात्रीचा ठिणग्यांचा दर तपासत होते. एका रात्रीत मधेच दर एकदम शून्यावर गेलेला दिसला, काही मिनिटांनी परत वर आला. अस्थिर दर. कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड असणार. अशा रात्रीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ती अख्खी रात्र टाकली. आकडा ५.१ झाला. तीनदा चालवून पाहिलं. ५.१.

ती रात्र सतरा फेब्रुवारीची आहे. हो, तीच. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दर अस्थिर होता म्हणून टाकली. आणि एवढं ते कौतुकाचं स्वच्छ आकाश, पाच तासांत शेजारणीच्या जागेवर काही म्हणजे काही नव्हतं. उलट रिकाम्या जागेपेक्षा कमीच ठिणग्या. बघ दादा, काय मिळवलंस त्या रात्री?

खोलीचं दार लावून रडले. आनंदानंच असेल. शेजारणी, सापडलीस ग बाई.

७ नोव्हेंबर

साहेबांनी मला खुर्चीतून उठून हात जोडले. आता समितीला काय तोंड आहे म्हणाले. कँटीनमध्ये टाळ्या वाजल्या. शंकासुरानंही वाजवल्या, पण दोनच. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सगळ्या टाकलेल्या रात्रींच्या कागदी नोंदी पाहिल्यास का?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे."

"नियम चार," तो म्हणाला.

माझ्याच भिंतीवरचा नियम चार: *रात्र टाकण्याआधी टेकडीवरची नोंदवही वाचावी.* वर अजूनही लाल दिव्यात पेनानं नोंदवही लिहितात. वर्षाअखेर ती खाली येते आणि कपाटात जाते. त्या वर्षीची मी कधी उघडली नाही. का उघडू? काय लिहिलं असेल ते मला ठाऊक आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

अकराला फोन आला. अप्पांनी सवयीनं माझ्याकडे धरला आणि आज मी घेतला. का कोण जाणे. जिंकलेल्या माणसाला मोठेपणा परवडतो.

"अभिनंदन, चिंगे," दादा म्हणाला. त्या नावानं तीन वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. मग त्याच्यातला कामगार जागा झाला. "किती रात्री घेतल्यास? माझी सतरा फेब्रुवारी असेलच. तसं आकाश मी पुन्हा पाहिलं नाही ग."

"टाकली."

"का?"

"दर अस्थिर होता. मधेच कॅमेरा बिघडला होता तुमचा."

तो इतका वेळ गप्प राहिला, की मला वाटलं रेंज गेली.

"बिघडला नव्हता," तो म्हणाला. "असू दे. तुझं काम तुला कळतं. अप्पांकडे दे."

पुन्हा तेच. गप्प बसायचं, आणि दोष मात्र माझ्या पदरात टाकायचा. दिवसभर डोकं दुखत होतं.

१५ नोव्हेंबर

अप्पांचा चष्मा बदलायला घेऊन गेले. चाळीस वर्षं स्वतःचं चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस दुसऱ्याच्या दुकानात बसला की बघण्यासारखा असतो. दुकानदारानं भिंतीवरची पाटी वाचायला सांगितली. अप्पांनी धडाधड शेवटची ओळसुद्धा वाचली. तो खूश. "काका, नजर पक्की आहे!"

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "मला काही दिसत नव्हतं."

"मग वाचलंत कसं?"

"पाठ आहे ना! तीच पाटी माझ्या दुकानात होती." आणि हसायला लागले. मग म्हणाले, "निम्मी गिऱ्हाइकं असंच करायची. मुद्दाम नव्हे हं. त्यांना खरंच वाटायचं की दिसतंय. म्हणून मी गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की पाटी बदलायचो. पाठ झालेली पाटी वाचून घेण्यात काय अर्थ?"

"मग आत का नाही सांगितलंत?"

"तो एवढा खूश झाला होता. जिवावर आलं."

त्यांना परत आत नेलं, दुसरी पाटी लावायला लावली. पहिल्या ओळीतच अडकले. रस्त्यानं त्यांचा हात धरून चालत होते आणि मला कसलातरी राग येत होता. कशाचा ते कळेना. जेवले नाही.

१८ नोव्हेंबर

शंकासुरानं माझ्या टेबलावर त्या वर्षीची नोंदवही आणून ठेवली. काळं पुठ्ठ्याचं कव्हर, कोपरे कुरतडलेले. मी भडकले. म्हटलं, "तुला माझा आकडा पाडायचाय. सरळ साहेबांकडे जा ना!"

तो म्हणाला, "जायचं असतं तर ऑक्टोबरातच गेलो असतो. मी तुझ्यासाठी थांबलोय."

"उपकार केलेस!"

"हे बघ, तू त्या रात्री ज्या कारणांनी टाकल्यास, ती सगळी खरी आहेत. धूळ होती, आरसे मळले होते, चंद्र होता. पण तशीच धूळ असलेल्या अकरा रात्री तू ठेवल्यास. त्यांत शेजारीण छान दिसत होती." एवढं बोलून त्यानं खुर्ची नीट आत सरकवली, कुणाच्या घरून निघाल्यासारखी, आणि गेला.

वही उघडली नाही. खणात टाकून कुलूप लावलं.

१९ नोव्हेंबर

उघडली.

पान इथे उतरवते. अक्षर फौजदाराचं. त्याला जोडाक्षरं धड लिहिता येत नाहीत आणि गाळताही येत नाहीत.

"१७ फेब्रुवारी. आकाश स्वच्छ. अतिस्वच्छ. शेजारीण, चारही आरसे. १.५० ऑफिसचा फोन, जोडीदाराच्या बहिणीचा, आई अत्यवस्थ. जोडीदार निघाला. मीच म्हटलं गाडीचे दिवे लावून जा, मी कॅमेरे बंद करतो. २.१४ ते २.२२ रस्त्यावर दिवे. कॅमेरे बंद. २.२२ पाचव्या वळणावर दिवे विझले. अपघात वाटला. बॅटरी घेऊन निघणार होतो, पण गाडी उभी दिसत होती, सरळ. २.२५ कॅमेरे उघडले. ३.०५ गाडी परत वर आली, दिवे न लावता. बेदम शिव्या दिल्या. एवढ्या वळणांवरून काळोखात. मग कळलं. जोडीदार खुर्चीत बसला. पहाटेपर्यंत काम केलं. बिघाड नाही."

कॅमेरा बिघडला नव्हता. दर शून्यावर गेला, कारण माझा भाऊ गाडीचे दिवे लावून आईकडे यायला निघाला होता.

आणि मोबाइल! टेकडीवर मोबाइल लागत नाही हे शाळकरी पोराला कळेल. मी दोन एकवीसला मोबाइलवर फोन केला आणि तो लगेच लागला. मी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यातली भोकं शोधणारी, मला तीन वर्षांत एकदाही प्रश्न पडला नाही की लागला कसा.

आठवलंय. मी काय बोलले ते. दवाखान्यातल्या घड्याळाकडे बघत बोलत होते. म्हटलं, "आई गेली. आता येऊन काय करणार आहेस? बस तिथेच."

विसरले नव्हतेच. टाकलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

अप्पांना शेजारच्या काकूंकडे सोडलं आणि बसनं पायथ्यापर्यंत गेले. दादा गाडी घेऊन आला होता. केस पार पांढरे झालेत. तीन वर्षांत मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. पाचव्या वळणावर मीच थांबायला सांगितलं. दगडी कठड्यावर बसलो. खाली शहर, वर उन्हात आरशांची पाठ. त्यानं थर्मासमधून चहा ओतला, झाकणातला मला दिला, लहानपणीसारखा.

मी म्हटलं, "नोंदवही वाचली."

"हं."

"तू सांगितलं का नाहीस? मी गावभर सांगत फिरले आणि तू ऐकून घेतलंस!"

"काय सांगायचं होतं? अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो हे?"

"मी म्हटलं म्हणून फिरलास. बस तिथेच म्हटलं मी. माझ्या तोंडाला..."

"तसं नाही ग चिंगे." तो चहात बघत होता. "तू म्हणालीस, आता येऊन काय करणार. आणि मला खरंच बरं वाटलं. खाली येऊन आईला तसं बघायला लागणार नाही, म्हणून. अर्धा तास बसलो होतो इथे. गाडी खालच्या बाजूला तोंड करून उभी होती. नुसता ब्रेक सोडला असता तरी निघाली असती. नाही सोडला. तुझ्यामुळे नाही. मी घाबरलो. ते तुला सांगायची लाज वाटत होती. त्यापेक्षा तू रागावलेली परवडलीस."

मी रडले. तोही रडला. आम्ही दोघं पन्नाशीची माणसं, एका थर्मासमधला चहा पीत, भर दुपारी रस्त्याच्या कडेला रडत होतो. एक सायकलवाला वळून वळून बघत गेला. "दोन म्हातारे पळून आलेत असं वाटलं त्याला," दादा म्हणाला, आणि मला हसू आवरेना.

मग मी सांगितलं. रात्री कशा टाकल्या ते. आकडा पाहून टाकल्या हे. सगळ्या परत घेतल्या तर चार पूर्णांक चार. तेवढ्यावर टेकडी वाचणार नाही. तुझी नोकरी, फौजदाराची, सगळ्यांची.

त्यानं उरलेला चहा गवतात ओतला. मग म्हणाला, "माझी ती रात्र चांगली होती ग. पाच तास डोळ्यात तेल घालून बसलो होतो. तिला दिसायचं असतं तर दिसली असती. नाही दिसली, तर नाही दिसली असं लिही. पण बिघडलेली म्हणून टाकू नकोस."

२४ नोव्हेंबर

आधी शंकासुराकडे गेले. म्हटलं, "माझं चुकलं." त्यानं चहा मागवला. वास न घेता प्याला.

मग साहेबांकडे. ते आधी समजले नाहीत, मग समजले, मग लाल झाले. "कोण बघणार आहे? कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"बावीस माणसं, बाई!"

"हो साहेब. त्यांतला एक माझा भाऊ आहे."

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी बाहेर आले. बरं वगैरे वाटलं असं अजिबात लिहिणार नाही. भीती वाटतेय. फौजदाराची मुलगी यंदा कॉलेजात गेलीय.

१२ डिसेंबर

समितीसमोर सात मिनिटं बोलले. सगळ्या रात्री घेतल्या, आकडा ४.४, शेजारीण सापडली असं म्हणता येत नाही. मी आधी ५.१ सांगितला होता, तो आकडा पाहून रात्री निवडल्यामुळे आला होता, चूक माझी. एका सदस्यानं विचारलं, "पण तुम्हाला स्वतःला वाटतं ना, ती तिथे आहे?" म्हटलं, वाटतं. पण मला बऱ्याच गोष्टी वाटत होत्या.

टेकडी मार्चअखेर बंद. काही लोकांना इथे घेतील, सगळ्यांना नाही. रात्रींची सगळी माहिती मात्र खुली ठेवणार. आणखी कुठे मोठ्या दुर्बिणी आहेत, ते आपल्या रात्री आमच्या रात्रींत मिळवतील. कधीतरी पाच होईलही. त्यावर नाव माझं नसेल.

मीच टेकडीवर फोन केला. फौजदारानं उचलला. मी सांगितलं. त्यानं बंद व्हायची तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, "ताई, मार्चपर्यंत तरी दिवे लावायचे नाहीत ना?" म्हटलं, नाही. "मग झालं," म्हणाला.

१४ डिसेंबर, रविवार

अकराला फोन वाजला नाही. अप्पा कासावीस झाले. सव्वाअकराला दारावर थाप पडली. दादा. अंगात तेच जाड जाकीट. अप्पांचा नवा चष्मा तयार झालाय, तरी त्यांनी आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मगच नीट पाहिलं. "म्हातारा झालास की रे," म्हणाले. आईच्या खोलीत तो तीन वर्षांत पहिल्यांदा गेला. मी मागे गेले नाही. बऱ्याच वेळानं बाहेर आला आणि विचारलं, "जेवायला काय आहे?" मी कांदा चिरत होते, त्यामुळे तोंड पुसायला कारण होतं.

दुपारी कामाची वही काढून शेवटची नोंद केली. *१७ फेब्रुवारी: आकाश स्वच्छ. बिघाड नाही. रात्र घेतली. २.१४ ते २.२५ वगळून, कॅमेरे बंद असल्यामुळे.* तिथे एवढंच लिहायचं असतं.

त्यातली पहिली आठ मिनिटं या वहीत घेते. दोन चौदा ते दोन बावीस रस्त्यावर दिवे होते. तो निघाला होता.